कॅल्युमेटच्या काठावरचा ऑक्टोबर

रात्री साडेनऊच्या सुमारास वारा फिरला. दिवसभर दक्षिणेकडून येणारी दमट, ऊबदार हवा थांबली, खिडकीच्या फटीतून वायव्येचा कोरडा गारवा आत येऊ लागला आणि मी पहाटे पाचचा गजर लावला. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात शिकागोच्या परिसरात राहणाऱ्या पक्षीनिरीक्षकाला वाऱ्याच्या या बदलाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून दक्षिणेकडे निघालेले लहान पक्षी अशाच रात्रीची वाट पाहत वाटेत ठिकठिकाणी थांबलेले असतात. वारा पाठीशी आला की सूर्यास्तानंतर तासाभरात ते आकाशात चढतात, रात्रभर उडत राहतात आणि उजाडू लागताच खाली जे पाणी, जे गवत दिसेल तिथे उतरतात. हवामान खात्याच्या रडारवर ही उड्डाणे पावसासारखी उमटतात. त्या रात्री झोपण्यापूर्वी मी रडारचे चित्र पाहिले, तेव्हा मिशिगन सरोवराच्या पश्चिमेचा सगळा प्रदेश एकेका केंद्राभोवती फुलत जाणाऱ्या निळ्या-हिरव्या वर्तुळांनी भरून गेला होता. खिडकीबाहेरचे आकाश मात्र निरभ्र होते.

त्या असंख्य पक्ष्यांपैकी मला दोनच जातींची ओढ होती. एक नेल्सन्स स्पॅरो आणि दुसरी लकाँट्स स्पॅरो. दोन्ही नारिंगी चेहऱ्याच्या, दोन्ही पाणथळीतल्या गवतात तळाशी राहणाऱ्या, आणि दोन्ही अशा की त्या समोर असूनही बहुतेकांना दिसत नाहीत. शरद ऋतूतल्या जेमतेम चार-पाच आठवड्यांत त्या सरोवराच्या दक्षिण टोकाजवळून पुढे जातात. सप्टेंबर संपताना नेल्सन्स येऊ लागतात, आणि ऑक्टोबर पुढे सरकतो तशी लकाँट्स दिसण्याची शक्यता वाढते. दर वर्षी याच दिवसांत मी गमबूट, दुर्बीण आणि वही घेऊन पाणथळींच्या काठाने हिंडते. काही वर्षी एकही दिसत नाही.

या पक्ष्यांना मराठीत चिमणी म्हणावे की नाही, हा प्रश्न मला बराच काळ सतावत होता. युरोपातून अमेरिकेत आलेल्या लोकांना इथे लहान, तपकिरी, रेघांच्या अंगाचे, दाणे टिपणारे पक्षी दिसले आणि त्यांनी आपल्या ओळखीच्या पक्ष्याचे नाव त्यांना देऊन टाकले. वास्तविक आपल्या घरचिमणीशी यांचे जवळचे नाते नाही. ती घरचिमणी तर १८५० च्या आसपास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये माणसांनी आणून सोडली आणि तिथून सगळ्या खंडात पसरली. अमेरिकेतल्या या स्पॅरोंचे खरे आप्त म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणारे भारीट. तेव्हा शास्त्राला धरून बोलायचे तर यांना भारीट म्हणणे अधिक योग्य ठरेल. तरीही मी चिमणीच म्हणते, कारण चिमणा, चिमुकला या शब्दांतला लहानपणा मला त्या नावात हवा असतो. लकाँट्स स्पॅरोचे वजन १२ ते १६ ग्रॅम भरते. तळहातावर ठेवली तर भार जाणवणार नाही इतक्या वजनाचा हा जीव मॅनिटोबाच्या ओल्या कुरणातून निघून, रात्रीमागून रात्र उडत, दक्षिणेच्या राज्यांतल्या गवताळ माळांवर हिवाळा काढायला जातो.

नेल्सन्सचा प्रवास त्याहूनही विलक्षण आहे. या जातीचे जे पक्षी खंडाच्या मध्यभागी वीण करतात, त्यांचा जन्म गोड्या पाण्याच्या काठी होतो. हिमयुगाच्या शेवटी बर्फ मागे हटताना जमिनीत जे असंख्य खळगे राहिले, त्यांत साचलेल्या पाण्याभोवतीच्या गवतात ही पिल्ले वाढतात. हिवाळा मात्र ती अटलांटिकच्या आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या खाऱ्या दलदलीत घालवतात. तळ्याच्या काठी जन्मलेल्या पिल्लाला पहिल्याच हिवाळ्यात समुद्राशी जमवून घ्यावे लागते, आणि वाट दाखवायला पुढे कोणी नसते. या दोन पाण्यांच्या मधल्या वाटेवर, विश्रांतीच्या एका मुक्कामापुरती, कॅल्युमेटची पाणथळ येते.

आणि या पक्ष्याचे नाव पडले ते याच पाणथळीमुळे. शिकागोच्या दक्षिण अंगाला, इंडियानाच्या सीमेला लागून असलेल्या कॅल्युमेट सरोवराभोवती एके काळी मैलोन्मैल दलदल होती. १८७० च्या दशकात एडवर्ड विल्यम नेल्सन नावाचा एक तरुण तिथे पक्षी शोधत हिंडत असे. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो बंदुकीने टिपून हातात घ्यायचा, हीच रीत होती. त्याने कॅल्युमेटच्या दलदलीतून मिळवलेल्या पक्ष्यांवरून जोएल असाफ ॲलन या पक्षीशास्त्रज्ञांनी १८७५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना नेल्सनचे नाव दिले. नेल्सन तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. पुढे तो अलास्कात गेला, मेक्सिकोत वर्षानुवर्षे राहिला, आणि १९१६ मध्ये अमेरिकेच्या जैविक सर्वेक्षण विभागाचा प्रमुख झाला. स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा १९१८ चा कायदा झाला तेव्हा त्या पदावर तोच होता. जो मुलगा गुडघाभर पाण्यात उभा राहून या चिमण्यांवर नेम धरत होता, त्याच्याच हयातीत आणि त्याच्याच देखरेखीखाली त्यांच्यावर बंदूक रोखणे बेकायदा ठरले. या गोष्टीने मला नेहमी बरे वाटते.

मधली अनेक दशके ही चिमणी स्वतंत्र जात मानली जात नव्हती. अटलांटिक किनाऱ्यावरची सॉल्टमार्श स्पॅरो आणि ही, दोन्ही मिळून एकच जात समजली जाई. गाणे, वीण आणि अंगावरच्या खुणा यांचा अभ्यास झाल्यावर १९९५ मध्ये त्यांची फारकत करण्यात आली. म्हणजे माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या अनेक निरीक्षकांनी ही चिमणी एका नावाने पाहिली आणि नंतर जुन्या वह्या काढून दुसऱ्या नावाने नोंदवली. पक्षी तोच, गवत तेच.

गवत तेच, असे म्हणताना मात्र माझे मन कचरते. नेल्सनने पाहिलेली कॅल्युमेटची दलदल आता उरलेली नाही. त्याच्या नंतरच्या काही दशकांतच तिथे पोलादाचे कारखाने उभे राहिले, भट्ट्यांमधून निघालेली धातुमळी गाड्या भरभरून पाण्यात ओतली गेली, बंदर झाले, कचऱ्याचे डोंगर झाले, वरून महामार्ग गेले. आज तिथे चालताना पायाखाली दगडासारखी कठीण, राखाडी, सच्छिद्र मळी लागते, आणि तिच्या फटींतूनच गवत उगवलेले असते. जी पाणथळ वाचली तिच्यात फ्रॅगमायटिस नावाचा परका बोरू शिरला. तो माणसाहून कितीतरी उंच वाढतो आणि इतका दाट की त्यात पाणी दिसत नाही, चिखल दिसत नाही, आणि चिमण्यांना उतरायला जागाही उरत नाही. १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत इलिनॉय राज्याने आपल्या पाणथळींपैकी सुमारे ८५ टक्के गमावल्या, इंडियानाच्या पलीकडच्या ओहायोने ९० टक्के. या आकड्यांकडे मी तक्ता म्हणून पाहू शकत नाही. रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याला पहाटे खाली जिथे जिथे पाणी चकाकताना दिसायला हवे होते, त्या प्रत्येक दहा जागांपैकी आठ-नऊ जागी आता मका, सोयाबीन किंवा गोदामाचे छप्पर दिसते, एवढाच त्यांचा अर्थ मला कळतो.

याच सरोवराच्या काठची आणखी एक हकीकत इथे सांगावीशी वाटते, कारण शोधण्याविषयी बोलताना ती मला हटकून आठवते. १९१२ मध्ये नॉर्मा फाइफर या विद्यार्थिनीला कॅल्युमेटजवळच्या ओल्या गवताळ मैदानात एक पांढुरकी, बोटाच्या पेराहून लहान, हिरवी पाने नसलेली वनस्पती सापडली. तिचे नाव थिस्मिया अमेरिकाना. तिची जवळची नातलग वनस्पती थेट ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आहे. १९१६ नंतर ती पुन्हा कोणालाही दिसली नाही. पुढे अनेकदा लोकांनी गटागटाने, हातापायांवर रांगत तिचा शोध घेतला. हाती काही लागले नाही. जिथे ती सापडली होती ती जागाच कारखान्यांखाली गेली. नेल्सन्स स्पॅरोचे तसे झाले नाही, कारण तिला पंख होते.

आता शोधण्याविषयी. या चिमण्या कशा शोधाव्यात हे मला शिकायला बरीच वर्षे लागली, आणि त्यातला मोठा भाग जागा ओळखण्यात गेला. पाणथळ म्हटले की नवशिक्याची नजर पाणकणसाच्या उंच, गर्द रांगांकडे जाते. तिथे मार्श रेन असते, स्वॉम्प स्पॅरो असते, सोरासारख्या पाणकोंबड्यांच्या कुळातल्या लाजाळू पक्ष्यांची हाक ऐकू येते; पण या दोघी तिथे सहसा नसतात. त्यांना हवा असतो काठ, तोही पाणी नुकतेच ओसरलेला. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडलेल्या चिखलावर स्मार्टवीड, रानटी सावा, लव्हाळे आणि बुटके गवत झपाट्याने वाढते, शरदात त्यांना बी धरते, बुडाशी कीटक आणि कोळी असतात, आणि घोट्याएवढे पाणी किंवा नुसता ओलावा अजून टिकून असतो. गुडघा ते कंबर एवढ्या उंचीचे, मध्ये मध्ये वाट असलेले असे गवत ही नेल्सन्सची जागा. लकाँट्सला त्याहून थोडी कोरडी बाजू आवडते, जिथे जुने गवत वाळून आडवे पडले आहे आणि त्याच्या थरांखाली बोगद्यासारख्या पोकळ्या तयार झाल्या आहेत. त्या पोकळ्यांतून ती चिमणी चालत नाही, उंदरासारखी पळते. जिवंत पाणथळीला पाण्याचे हे चढउतार लागतात. पाणी कायम एकाच पातळीवर कोंडून ठेवले की हा काठच तयार होत नाही, आणि म्हणूनच कॅल्युमेटमध्ये अलीकडे बोरू काढून, पाण्याची पातळी नियंत्रित करून अर्धे पाणी आणि अर्धे गवत अशी रचना परत आणण्याचे जे काम चालले आहे, त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दुसरी गोष्ट नेहमीच्या पक्ष्यांची. दुर्मीळ चिमणी ओळखायची असेल तर नेहमीच्या चार चिमण्या डोळे मिटून ओळखता याव्या लागतात. साँग स्पॅरो उडताना लांब शेपूट वरखाली हलवत जाते, जणू शेपटीनेच हवा ढकलत आहे. स्वॉम्प स्पॅरोचे पंख विटकरी तांबूस असतात, चेहरा राखाडी, आणि तिची हाक एकच, गोड, धातूवर टिचकी मारल्यासारखी. सव्हाना स्पॅरोची शेपूट आखूड आणि टोकाला खाचेची. ती उडाली की उंच चढते, लांब जाते, आणि पुष्कळदा एखाद्या काडीवर उघड्यावर बसते. लिंकन्स स्पॅरोच्या छातीवर पेन्सिलीने काढल्यासारख्या बारीक रेघा असतात आणि तिचा सगळा आविर्भाव सावध असतो. या चौघींचे उडणे मनात पक्के बसले की मग एखाद्या सकाळी गवतातून काहीतरी उठते, जे या चौघींपैकी कोणासारखेच नसते. ते जेमतेम गवताच्या शेंड्यांवर येते, दुबळे, फडफडते, भुंग्यासारखे पंख मारत दहा-पंधरा पावले जाते आणि दगड पडावा तसे एकदम खाली पडते. रंग दिसलेला नसतो, चेहरा दिसलेला नसतो, तरीही काळजाचा ठोका चुकतो. एक वयोवृद्ध निरीक्षक, ज्यांच्यासोबत मी पहिली काही वर्षे हिंडले, ते म्हणत असत की आधी पाचशे स्वॉम्प स्पॅरो पाहा, मग लकाँट्सबद्दल बोलू. त्यांचे म्हणणे मला तेव्हा कठोर वाटले होते. आज ते मला अगदी मोजके वाटते.

आणि इथेच तो प्रश्न येतो ज्यासाठी मी हे सगळे लिहायला बसले. या चिमण्या दिसत नाहीत, कारण त्यांचा सगळा भरवसा न दिसण्यावर असतो. माणूस जवळ आला तरी त्या उडत नाहीत, दबून बसतात. अगदी पाऊल पडणार इतक्या जवळ आलात तरच त्या उठतात. म्हणजे त्यांना पाहण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे गवत तुडवत जाणे. चार-पाच माणसांनी हातभर अंतर ठेवून रांगेत चालायचे, पक्षी उठला की तो पडला ती जागा डोळ्यांत धरून तिथे जायचे, पुन्हा उठवायचे, असे करत करत शेवटी थकलेला पक्षी एखाद्या काडीवर बसतो आणि सगळ्यांना नीट दिसतो. अनेक ठिकाणी अनेक वर्षे असेच होत आले आहे, आणि मीही ते केले आहे.

एका ऑक्टोबरात, कॅल्युमेटपासून दूर असलेल्या एका ओल्या कुरणात, जिथे पायवाट सोडून चालायला मनाई नव्हती, माझ्या पायाजवळून एक लहानशी, पिवळसर चिमणी उठली. मी एकटीच होते. लकाँट्स मी तोवर कधीही पाहिली नव्हती आणि ही तीच असावी असे उडण्यावरून वाटत होते. मी तिच्या मागे गेले. ती पुन्हा उठली, या वेळी थोडे कमी अंतर गेली. तिसऱ्या वेळी आणखी कमी. चौथ्यांदा ती उठली तेव्हा मला नारिंगी भुवई दिसली, आणि पाचव्यांदा ती उठलीच नाही. मी गवत बाजूला केले तर ती वाळलेल्या पात्यांखाली, माझ्या बुटापासून हातभर अंतरावर, अंग चोरून बसली होती. मला सगळे काही दिसले. डोक्याच्या मधोमध पांढरी बारीक रेघ, मानेवर जांभळट तपकिरी ठिपके, पाठीवर वाळल्या काडीच्या रंगाचे पट्टे, कुशीवर ठळक रेघा. पुस्तकात लिहिलेले एकूण एक लक्षण तिथे होते. आणि तिची चोच किंचित उघडी होती, आणि सगळे अंग श्वासाने हलत होते. मी वहीत नोंद केली, वेळ लिहिली, आणि गाडीपर्यंत परत येताना मला जो आनंद व्हायला हवा होता तो कितीही शोधला तरी सापडेना.

नंतर मी हिशेब करत बसले. आदल्या रात्री ती कदाचित आठ-नऊ तास उडालेली असेल. लहान पक्षी हे अंतर त्वचेखाली साठवलेल्या चरबीवर कापतात, आणि पहाटे उतरतात तेव्हा ती साठवण संपत आलेली असते. पुढचा दिवस, पुढचे दोन-तीन दिवस, त्यांना खायचे असते आणि दबून राहायचे असते. ससाणे आणि हॅरियर हे शिकारी पक्षीही याच वाटेने दक्षिणेकडे निघालेले असतात आणि कुरणावरून खालून उडत त्यांचीच वाट पाहत असतात. तिच्या विश्रांतीच्या सकाळी मी तिला पाच वेळा उघड्यावर आणले होते. त्या जातीच्या दुर्मीळतेचे मला जे कौतुक होते, त्याचा तिला झालेला उपयोग एवढाच. ती वाचली असेल, बहुधा वाचलीच असेल. पण ते मला ठाऊक नाही, आणि तो प्रश्न माझ्यामुळे उभा राहिला, हे तर ठाऊक आहे.

या प्रवासात धोके काही कमी नाहीत. शिकागोच्या सरोवरकाठी मॅकॉर्मिक प्लेस नावाची प्रदर्शनांसाठीची अवाढव्य इमारत आहे. तिच्या काचांवर आपटून मेलेले पक्षी गोळा करण्याचे काम फील्ड म्युझियमच्या डेव्हिड विलार्ड यांनी १९७८ मध्ये सुरू केले आणि ते दशकानुदशके रोज पहाटे करत राहिले. शिकागोत असे गोळा झालेल्या ७०,७१६ पक्ष्यांच्या मोजमापांवरून २०१९ मध्ये असे दिसून आले की चार दशकांत ५२ जातींचे पक्षी आकाराने लहान होत गेले आहेत आणि त्यांचे पंख मात्र किंचित लांबले आहेत. ऊब वाढत चाललेल्या जगात शरीर आक्रसत आहे आणि त्या लहान शरीराने तेवढाच प्रवास पुरा करता यावा म्हणून पंख वाढत आहेत, असा अर्थ संशोधकांनी त्यातून काढला. मग ५ ऑक्टोबर २०२३ ची पहाट आली. अशाच अनुकूल वाऱ्याची रात्र होती, आणि त्या एका इमारतीखाली एका सकाळी हजाराच्या घरात पक्षी मेलेले सापडले. पुढच्या वर्षी काचांवर पक्ष्यांना दिसतील अशा ठिपक्यांचे आवरण बसवले गेले आणि तिथले मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. ठिपके, इतकेच. ती बातमी वाचताना मला आनंद झाला आणि मागची पंचेचाळीस वर्षे आठवून दुःखही झाले.

उत्तर अमेरिकेतून १९७० पासून जवळजवळ तीनशे कोटी पक्षी कमी झाले आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा याच स्पॅरोंच्या कुळाचा आहे. ज्यांना लोक नुसते लहान तपकिरी पक्षी म्हणून सोडून देतात, तेच सर्वाधिक संख्येने नाहीसे होत आहेत. नेल्सन्सची किनाऱ्यावरची बहीण सॉल्टमार्श स्पॅरो तर अधिकच संकटात आहे. ती भरतीच्या दलदलीत, जमिनीपासून काही बोटे उंचीवर घरटे बांधते, आणि अंडी घालण्यापासून पिल्ले घरटे सोडेपर्यंतचा तिचा सगळा कारभार दोन मोठ्या उधाणांच्या मधल्या चार आठवड्यांहून कमी काळात बसवलेला असतो. समुद्राची पातळी वाढत आहे, उधाणे वर चढत आहेत, आणि तिचे गणित चुकू लागले आहे, पिल्ले बुडतात. तिची संख्या वर्षाला सुमारे ९ टक्क्यांनी घटत असल्याचे मोजले गेले आहे. नेल्सन्स हिवाळ्यात याच किनाऱ्यांवर जाऊन राहते. कॅल्युमेटच्या गोड्या पाण्याच्या काठी बसलेली चिमणी ज्या समुद्राकडे निघालेली असते तो समुद्रही तिच्या पूर्वजांनी ओळखलेला समुद्र राहिलेला नाही.

त्या कुरणातल्या सकाळीनंतर मी गवतात शिरणे सोडून दिले. आता मी पहाटे पाणथळीच्या काठी, पायवाटेवर, पाठीमागून उजेड येईल अशी जागा निवडते, घडीचे छोटे स्टूल मांडते आणि बसून राहते. तोंडाने हलका सिस्कार करून पक्ष्यांना बाहेर बोलावण्याची रीत बहुतेक सगळे वापरतात. मी तीही एकदा-दोनदाच, आणि तेही सूर्य चांगला वर आल्यावर वापरते. अशा बसण्याने पक्षी कमी दिसतात, हे खरे आहे. ज्या वर्षी मी असे बसायला सुरुवात केली, त्या पूर्ण शरदात मला दोघींपैकी एकही दिसली नाही. दुसऱ्या वर्षी मात्र ऑक्टोबरच्या सात तारखेला, मला बसून दीड तास झाला असताना, समोरच्या लव्हाळ्यात एक पाते इतर पात्यांपेक्षा वेगळे हलले. वारा नव्हता. काही वेळाने एक नेल्सन्स स्पॅरो त्या पात्यावर तिरपी चढली, दोन्ही पायांनी दोन वेगवेगळी पाती धरून, आणि बी काढू लागली. गालाचा राखाडी तुकडा आणि त्याभोवतीचा नारिंगी त्रिकोण, इतका उजळ की वाळत चाललेल्या त्या सगळ्या काठावर दुसरा कोणताही रंग तेवढा जिवंत वाटत नव्हता. डोक्याचा मधला पट्टा राखाडी, मान राखाडी, चोच निळसर. छातीवरच्या रेघा ओल्या कागदावरच्या शाईसारख्या पुसट. ती चाळीसएक सेकंद खात राहिली, मग खाली उतरली, पाण्यातून चालली, एका लव्हाळ्याच्या बुडाशी थांबून अंग फुलवून पिसे साफ करू लागली. पक्षी पिसे साफ करतो तेव्हा त्याला घाई नसते, भीती नसते. तिला मी दिसत नव्हते असे नाही. मी होते तिथेच राहीन, हे तिने मान्य केले होते.

तर परवाच्या त्या सकाळी, वारा फिरल्यानंतरच्या सकाळी, मी पावणेसातला काठावर पोहोचले. पाण्यावर धुके होते आणि डोक्यावरून अजूनही उशिरा उतरणाऱ्या पक्ष्यांच्या बारीक हाका येत होत्या. स्वॉम्प स्पॅरो इतक्या होत्या की चाळीसनंतर मी मोजणे सोडले. लिंकन्स तीन दिसल्या. एक सेज रेन गवताच्या शेंड्यावर येऊन माझ्याकडे पाहून कुरकुरली आणि आत गेली. साडेआठच्या सुमारास, डावीकडच्या आडव्या पडलेल्या गवतातून, हरणांच्या ये-जा करण्याने पडलेल्या वाटेवरून, काहीतरी पळत गेले. मला वाटले उंदीर. मग ते वाटेच्या दुसऱ्या बाजूला थांबले, आणि क्षणभर एक नारिंगी भुवई दिसली, वाळल्या काडीच्या रंगाची पाठ दिसली, आणि गवताचा एक झुबका तिच्यावर मिटला. डोक्यावरची रेघ पांढरी होती की राखाडी, हे मला दिसले नाही. माझ्यापासून ती जागा फार तर पंधरा पावलांवर होती.

थोड्या वेळाने एक तरुण जोडपे पायवाटेवरून आले. त्यांच्याकडे लांब भिंगाचा कॅमेरा होता. माझी नजर एका जागी खिळलेली पाहून त्यांनी हळू आवाजात विचारले की काय आहे. मी त्यांना सांगितले, काय दिसले ते आणि काय दिसले नाही तेही. मुलाने गवताकडे पाहिले, पंधरा पावले मनाशी मोजली, आणि माझ्याकडे पाहिले. मग त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि ती दोघे माझ्याशेजारी ओल्या फळ्यांवर बसली. आम्ही तिघे दहा वाजेपर्यंत तिथे होतो. गवतातून एक साँग स्पॅरो निघाली, एक मार्श रेन निघाली. एक हॅरियर पंख उंच धरून आमच्यासमोरून काठाकाठाने गेला, त्या झुबक्यावरून गेला, वळला, पुन्हा तिथून गेला, आणि पुढे निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

जाण्यापूर्वी मी वही उघडली. वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली, आणि खाली लिहिले: चिमणी, एक, जात अनिश्चित. चेहरा नारिंगी. अजून गवतातच आहे.